संत्र्यातले सगळे इलेक्ट्रॉन किती गुंजा भरतील?

एप्रिल २०२५ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरुह इथल्या ‘कॅट्रिन’ प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. न्यूट्रिनो नावाच्या कणाचे वस्तुमान ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमीच असले पाहिजे, असे त्यातून निघाले. नागपुरात बारावीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने ही बातमी वाचली आणि संध्याकाळी वही घेऊनच ती माझ्याकडे आली. “मावशी, इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक आहे असे आमच्या पुस्तकात आहे. मग इथे त्यात वजन कसे सांगितले? आणि किलोत हे किती झाले?” तिने स्वतः गणित करून पाहिले होते, पण आलेल्या उत्तरावर तिचाच विश्वास बसत नव्हता. त्या गणितात काय चुकले होते ते पुढे येईलच. तिचे दोन्ही प्रश्न मात्र अगदी रास्त आहेत आणि विज्ञानाच्या बातम्या वाचणाऱ्या पुष्कळांना ते पडत असणार, म्हणून त्यांचे उत्तर सावकाश, पायापासून मांडते.

एक खुलासा आधीच करते. बोलताना आपण ज्याला वजन म्हणतो, त्याला भौतिकशास्त्रात वस्तुमान म्हणतात. वस्तूत द्रव्य किती आहे याचे ते माप असते आणि वस्तू चंद्रावर नेली तरी ते बदलत नाही. या लेखात जिथे वजन हा शब्द आला आहे, तिथेही अर्थ वस्तुमान हाच घ्यावा.

तोळा, मासा, गुंज

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचा भाव टनावर बोलला जातो. तिथून इतवारीच्या सराफ्यात गेलो, की टनाचे नावही कोणी काढत नाही. जुन्या हिशेबाप्रमाणे तिथे तोळा, मासा आणि गुंज चालत असे. गुंज म्हणजे लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेली वेलीवरची बी. आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. तो तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफ तोळा म्हणतात तेव्हा बहुधा सरळ १० ग्रॅम धरलेले असतात. जुन्या तोळ्यात ९६ गुंजा बसतात, म्हणून एक गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची होते.

आता हीच गुंज टनात लिहायची ठरवली, तर ०.००००००१२ टन असा आकडा येईल. तो खोटा नाही, पण त्याने सोन्याचा व्यवहार करता येणार नाही, कारण एखादे शून्य कमी-जास्त झाले तरी ते डोळ्यांना जाणवणार नाही. म्हणून ज्या वस्तूंशी रोजचा संबंध येतो, त्यांच्याच आकाराचे माप माणूस निवडतो. अणूंबरोबर काम करणाऱ्यांनीही हेच केले. प्रोटॉनचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये लिहायचे तर दशांशचिन्हानंतर आधी २६ शून्ये लिहावी लागतात आणि मग १६७ हे अंक येतात. हे लिहिण्याची शास्त्रीय रीत म्हणजे ‘१.६७ गुणिले १० चा उणे २७ वा घात’ किलोग्रॅम. रीत सुटसुटीत असली, तरी दिवसभर असे घात सांभाळत बसणे कोणालाच सोयीचे नसते.

डाल्टन, म्हणजे अणूंची गुंज

अणूंसाठी निवडलेल्या मापाचे नाव डाल्टन. शालेय पुस्तकांत त्यालाच अणुवस्तुमान एकक म्हणतात. कार्बनच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात अणुकेंद्रकात सहा प्रोटॉन आणि सहा न्यूट्रॉन असतात. त्याला कार्बन-१२ म्हणतात. कार्बन-१२ च्या एका अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग म्हणजे एक डाल्टन, असे १९६१ पासून सर्वमान्य आहे. या मापात प्रोटॉन १.००७३, न्यूट्रॉन १.००८७ आणि सोन्याचा अणू १९६.९७ डाल्टनचा भरतो. इलेक्ट्रॉन फारच हलका आहे. असे १,८३६ इलेक्ट्रॉन एकत्र केले, तेव्हा कुठे एका प्रोटॉनची बरोबरी होते.

किलोग्रॅममध्ये एक डाल्टन म्हणजे १.६६०५४ गुणिले १० चा उणे २७ वा घात. उलट बाजूने विचारले, की एका ग्रॅममध्ये डाल्टन किती, तर उत्तर येते ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात. विद्यार्थ्यांना ही संख्या ॲव्होगॅड्रो अंक म्हणून माहीत असते. आपल्या जुन्या गणितातली एकं, दहं, शतं ही अठरा स्थाने परार्धाला संपतात, आणि परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात. त्या भाषेत सांगायचे, तर एका ग्रॅममध्ये सुमारे साठ लक्ष परार्ध डाल्टन असतात. परार्धाच्या पुढे मोजण्याची वेळ येईल असे जुन्या गणित्यांना वाटले नसेल, पण चिमूटभर मिठाच्या अणूंचा हिशेब करायचा झाला तरी आपण त्याच्या पलीकडे जातो.

म्हणजे डाल्टनचे ग्रॅम करणे हे गुंजांचे तोळे करण्यासारखेच आहे. तिथे ९६ ने भागतात, इथे साठ लक्ष परार्धाने. एक तोळा सोन्यात अणू किती, ते पाहू. ११.६६ ग्रॅमला आधी डाल्टनमध्ये बदलायचे आणि मग एका अणूच्या १९६.९७ डाल्टनने भागायचे. उत्तर येते साडेतीन लक्ष परार्धांहून थोडे अधिक. त्याला ९६ ने भागले, की एका गुंजेत ३,७०० परार्ध अणू निघतात. सोन्याचा निसर्गात एकच प्रकार टिकून आहे, त्यामुळे हा हिशेब विशेष स्वच्छ सुटतो. इतर बहुतेक मूलद्रव्यांत हलके-जड प्रकार मिसळलेले असतात आणि तक्त्यात त्यांची सरासरी दिलेली असते.

साठ लक्ष परार्ध कोणी मोजले?

ही शंका घेतलीच पाहिजे, कारण संख्या एवढी मोठी असताना ती इतक्या अंकांपर्यंत ठामपणे सांगितली जाते.

१८८९ पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र इथे जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याच्या प्रती देशोदेशी गेल्या. भारताची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शतकभराने मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती ताडून पाहिल्या, तेव्हा त्यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. सराफाच्या काट्यावर ५० मायक्रोग्रॅम दिसणारही नाहीत, पण अणूंच्या हिशेबात ते प्लॅटिनमचे दीड परार्ध अणू होतात. किलोग्रॅमची व्याख्याच ज्या वस्तूवर टेकलेली आहे, तिचे अणू झिजतात की तिच्यावर काही साचते, हेही खात्रीने सांगता येऊ नये, ही स्थिती फार काळ चालण्यासारखी नव्हती.

तेव्हा सिलिकॉनच्या एकाच प्रकारच्या अणूंचा, बरोबर किलोभर वजनाचा, अत्यंत गुळगुळीत गोळा तयार करण्यात आला. त्याचा व्यास साधारण ९४ मिलिमीटर, म्हणजे चांगल्या मोठ्या मोसंबीएवढा. स्फटिकात अणू ठरावीक अंतरावर रांगेने बसलेले असतात आणि ते अंतर क्ष-किरणांनी मोजता येते. स्फटिकाच्या लहानात लहान घनात सिलिकॉनचे आठ अणू असतात. गोळ्याचे आकारमान मोजायचे, त्यात असे घन किती बसतात ते काढायचे आणि आठाने गुणायचे. पोत्यातले दाणे एकेक न मोजता पायलीतले दाणे मोजावेत आणि पोत्यात पायल्या किती हे पाहावे, तसेच हे आहे. कसब आहे ते प्रत्येक पायली अगदी सारखी भरण्यात. अशा गोळ्यातून आणि स्वतंत्रपणे विजेच्या एका खास तराजूतून आलेली उत्तरे एकमेकांशी जुळली, तेव्हा २० मे २०१९ पासून सेव्रचा दंडगोल व्याख्येतून निवृत्त झाला. आता ॲव्होगॅड्रो अंक ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात असा ठरवून दिलेला आहे आणि किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे क्वांटम भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या संख्येवरून, येतो. या बदलामुळे ग्रॅम आणि डाल्टन यांच्या जुन्या नात्यात फरक पडलाच, तर तो अब्जांशाच्या घरातला आहे.

ऊर्जेच्या एककात वस्तुमान कसे?

आता भाचीचा मूळ प्रश्न. टॉर्चमध्ये घालतो तो सेल दीड व्होल्टचा असतो. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाताना एका इलेक्ट्रॉनला जी ऊर्जा मिळते ती दीड इलेक्ट्रॉनव्होल्ट. एवढाच त्या शब्दाचा अर्थ आहे. ज्यूलमध्ये एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात. तेव्हा पुस्तक बरोबरच सांगते. हे एकक ऊर्जेचेच आहे.

मग बातमी चुकली का? नाही. नागपूरहून वर्धा किती लांब, असे विचारले तर आपल्याकडे सर्रास उत्तर मिळते, “दीड तास”. तास हे अंतराचे एकक नाही हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही. गाडीचा वेग दोघांनी मनात धरलेला असतो, म्हणून तासांवरून अंतर कळते. भौतिकशास्त्रज्ञही तसेच बोलतात. आइन्स्टाइनने १९०५ मध्ये दाखवून दिले, की स्थिर वस्तूतली ऊर्जा म्हणजे तिचे वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग. म्हणून ‘०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट’ याचा पूर्ण उच्चार ‘०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट भागिले प्रकाशवेगाचा वर्ग’ असा आहे. भागाकार मनात धरलेला असतो आणि बातमीत येईपर्यंत तो गळून पडतो. या उपमेत एक उणीव आहे, तीही सांगायला हवी. वर्धा रोडवर गर्दी असली की दीड तासाचे दोन तास होतात. प्रकाशाचा निर्वातातला वेग मात्र सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर हाच असतो, १९८३ पासून मीटरची व्याख्याच त्यावरून केली जाते. त्यामुळे इथे मनातल्या वेगाबद्दल दोघांचे मतभेद होण्याचा प्रश्नच येत नाही.

हा भागाकार केला, की एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे १.७८३ गुणिले १० चा उणे ३६ वा घात किलोग्रॅम असे मिळते. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान ५ लक्ष ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, प्रोटॉनचे सुमारे ९३ कोटी ८३ लक्ष, आणि एका डाल्टनचे ९३ कोटी १५ लक्ष. शंभर कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टला गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणतात. म्हणजे प्रोटॉन जवळजवळ एका गिगाचा झाला. हा निव्वळ योगायोग आहे, पण फार उपयोगी पडतो. ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झालेल्या हिग्ज बोसॉन या मूलकणाचे वस्तुमान सुमारे १२५ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे, हे ऐकल्याबरोबर मनात म्हणावे, की सव्वाशे-एकशे तीस प्रोटॉनांएवढे. नेमका हिशेब १३४ डाल्टनचा येतो. चांदीचा अणू १०८ डाल्टनचा आणि सोन्याचा १९७ चा. म्हणजे हा एकटा कण चांदीच्या अख्ख्या अणूपेक्षा जड आणि सोन्याच्या अणूपेक्षा हलका आहे. मला स्वतःला ‘१२५ गिगा’ या आकड्यातून जे कधी जाणवले नव्हते, ते या तुलनेने जाणवले.

वहीतली चूक

भाचीने ०.४५ ला १.६०२ गुणिले १० चा उणे १९ वा घात याने गुणून ७.२ गुणिले १० चा उणे २० वा घात ज्यूल काढले होते. इथपर्यंत सारे बरोबर. पुढे तिने प्रकाशवेगाने भागले होते, पण एकदाच. उत्तर आले होते २.४ गुणिले १० चा उणे २८ वा घात. तिने ते इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानाशी, म्हणजे ९.११ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलोग्रॅमशी ताडून पाहिले, तेव्हा न्यूट्रिनो इलेक्ट्रॉनच्या २६० पट जड निघाला. बातमीत तर तो सर्वांत हलक्या कणांपैकी असल्याचे म्हटले होते. ताडून पाहण्याची ही सवय मला तिच्या गणितापेक्षाही मोलाची वाटते.

चूक सापडण्याची आणखी एक जागा आहे. ज्यूलला मीटर-प्रतिसेकंदाने एकदा भागले तर किलोग्रॅम उरत नाहीत, किलोग्रॅम-मीटर-प्रतिसेकंद उरतात, आणि ते संवेगाचे एकक आहे. एकके आकड्यांबरोबर शेवटपर्यंत लिहीत नेली असती, तर त्यांनीच ओळीवर बोट ठेवले असते. प्रकाशवेगाचा वर्ग, म्हणजे सुमारे ९ गुणिले १० चा १६ वा घात, याने भागले की उत्तर येते ८ गुणिले १० चा उणे ३७ वा घात किलोग्रॅम. किलोग्रॅम बाजूला ठेवूनही तुलना करता येते. ५,११,००० ला ०.४५ ने भागा. इलेक्ट्रॉन न्यूट्रिनोच्या निदान ११ लक्ष पट जड आहे. दोन्ही वस्तुमाने एकाच एककात असली, की रूपांतराचे कामच पडत नाही.

तराजूत न घालता वजन कसे कळते?

खळ्यावर उफणणी चालते, तेव्हा वारा दाण्यालाही लागतो आणि भुशालाही. दाणा पायाशी पडतो, भुसा दूर जातो. कोण किती दूर गेले यावरून कोण हलके हे न तोलता कळते. विद्युतप्रभार असलेल्या कणांबाबत वाऱ्याचे काम विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे करतात. सारख्या वेगाने येणाऱ्या, सारख्या प्रभाराच्या दोन कणांपैकी हलका जास्त वळतो, जड कमी. जे. जे. थॉमसन यांनी १८९७ मध्ये अशा वळणावरून इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचे त्याच्या वस्तुमानाशी असलेले गुणोत्तर काढले. पुढे मिलिकन यांनी तेलाच्या सूक्ष्म थेंबांवरून प्रभार मोजला, आणि दोन्हींवरून वस्तुमान हाती आले. न्यूट्रिनोला प्रभार नसल्यामुळे ही युक्ती त्याच्यावर चालत नाही. म्हणून कॅट्रिनमध्ये ट्रिटियमच्या, म्हणजे हायड्रोजनच्या जड, किरणोत्सारी प्रकाराच्या, अणुकेंद्रकातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात आणि न्यूट्रिनोने किती नेली असेल ते उरलेल्या हिशेबावरून ठरवतात. जे मोजले तेच मुळी इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये असते, त्यामुळे निष्कर्षही त्यातच येतो.

सुट्या कणांची बेरीज का जुळत नाही?

इथवर वाचून कोणी म्हणेल, की प्रोटॉन-न्यूट्रॉन मोजा, गुणाकार करा, काम झाले. तसे होत नाही. हेलियमच्या अणुकेंद्रकात दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन असतात. सुटे धरले तर बेरीज ४.०३१९ डाल्टन होते. प्रत्यक्ष अणुकेंद्रक ४.००१५ चे भरते. पाऊण टक्का तूट आहे, आणि ती मोजमापातली चूक नव्हे. चार कण एकत्र बांधले जाताना २ कोटी ८३ लक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा बाहेर पडते आणि तिच्याबरोबर तेवढे वस्तुमानही जाते. सूर्य तळपतो तो अशाच तुटीवर. म्हणून अणूंचे वस्तुमान काढताना तक्त्यातला आकडा घ्यावा, कण मोजून बेरीज करू नये.

ग्रॅमभर वस्तुमान आणि कोराडीची वीज

एका ग्रॅमची सगळी ऊर्जा मोकळी झाली, तर ती किती होईल? सुमारे ९ गुणिले १० चा १३ वा घात ज्यूल, म्हणजे विजेची अडीच कोटी युनिटे. कोराडीच्या वीज केंद्रातले ६६० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण क्षमतेने साडेबारा तास चालले, तर एवढी वीज तयार होते.

मग कोळसा कशाला जाळायचा, असा प्रश्न येतो. कोळसा जळताना वस्तुमानाचे ऊर्जेत रूपांतर याच नियमाने होते, पण एका टनामागे जेमतेम ०.२ मिलिग्रॅम. टनभर कोळशाची काही पोतीच राख उरते हे खरे, मात्र बाकीचा कोळसा नाहीसा झालेला नसतो, तो हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जाऊन चिमणीतून गेलेला असतो. सगळा धूर, राख आणि वापरलेला ऑक्सिजन हिशेबात धरला, तर तूट एवढीच उरते. चुलीवरच्या लिटरभर पाण्याचेही तसेच आहे. ३० अंशांपासून उकळीपर्यंत तापवले, की त्याचे वस्तुमान एका ग्रॅमच्या तीस कोटीव्या भागाने वाढते. रोजच्या व्यवहारात ऊर्जेला वजन असल्याचे कधी जाणवत नाही, त्याचे कारण प्रकाशवेगाचा तो प्रचंड वर्ग आहे.

आता संत्रे

दीडशे ग्रॅमचे एक संत्रे घेऊ. ०.१५ किलोग्रॅमला १.६६ गुणिले १० चा उणे २७ वा घात याने भागले, की ९ गुणिले १० चा २५ वा घात डाल्टन मिळतात. म्हणजे त्यात साधारण तेवढेच प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून आहेत. संत्र्यात बहुतांश पाणी असते. पाण्याचा रेणू १८ डाल्टनचा आणि त्यात इलेक्ट्रॉन दहा. त्या प्रमाणाने संत्र्यात ५ गुणिले १० चा २५ वा घात इलेक्ट्रॉन झाले. प्रत्येकी ९.११ गुणिले १० चा उणे ३१ वा घात किलोग्रॅम या हिशेबाने सगळे मिळून सुमारे ४५ मिलिग्रॅम भरतात. गुंज १२० मिलिग्रॅमची असते. म्हणजे संत्र्यातले सगळे इलेक्ट्रॉन काढून सराफाच्या काट्यावर ठेवले, तर अर्धी गुंजही होणार नाही. आणि संत्र्याचा केशरी रंग, वास, आंबटगोड चव हे सारे रसायनशास्त्र त्या अर्ध्या गुंजेच्या हालचालींवर चालते.

भाचीने लगेच विचारले, की मग उरलेले जवळजवळ दीडशे ग्रॅम प्रोटॉन-न्यूट्रॉनचे ना? हो, पण ते ज्या क्वार्कांचे बनलेले आहेत त्यांची स्वतःची वस्तुमाने पाहा. प्रोटॉनमधल्या तीन क्वार्कांची बेरीज सुमारे ९० लक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट होते आणि प्रोटॉन आहे ९३ कोटी ८३ लक्षांचा. एक टक्का. बाकीचे ९९ टक्के म्हणजे क्वार्कांच्या धावपळीची आणि त्यांना जखडून ठेवणाऱ्या बंधाची ऊर्जा. संत्र्याच्या दीडशे ग्रॅमपैकी क्वार्कांचे म्हणून सांगता येईल असे वस्तुमान दीड ग्रॅमच्या आसपास आहे. तळहातावर जे जड लागते, त्यातला बाकीचा जवळजवळ सगळा भाग इलेक्ट्रॉनव्होल्टमध्येच मोजावा अशी ऊर्जा आहे.